दवाखान्यावर ‘डॉक्टर कॉन्फरन्सला’ अशी पाटी का लागते? कान-नाक-घशाच्या जागतिक संघटनेचं एक वर्ष

गेल्या फेब्रुवारीत आईला कान दाखवायला साताऱ्याला घेऊन गेले होते. एसटीने दीड तास, वर रिक्षा, आणि दवाखान्याच्या दाराला कागद चिकटवलेला, ‘डॉक्टर कॉन्फरन्सला गेल्यामुळे ओपीडी तीन दिवस बंद’. आई पायरीवर टेकली आणि म्हणाली, एवढे शिकून सवरून डॉक्टर झाले, आता अजून कसली शाळा यांना? मी शाळेत शिकवते त्यामुळे तो प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून थोडं वाचलं, एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, आणि कळत गेलं की त्या पाटीमागे बरंच काही आहे. ते आपल्या घरातल्या कानांपर्यंत कसं पोचतं ते सोप्यात सोपं करून सांगते.

आधी हे, की कान, नाक आणि घसा एकाच डॉक्टरकडे का?

डोळ्याचा डॉक्टर वेगळा, दाताचा वेगळा, मग या तिघांनाच एकत्र का बांधलं? कारण आतून ते जोडलेलेच आहेत. जुन्या वाड्यात कशा तीन खोल्या वेगळ्या दिसतात पण मागच्या बोळाने एकमेकींत उघडतात, तसं. कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते आणि तिथून एक बारीक नळी निघून थेट नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला उघडते. घाटात गाडी चढली की कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात ना, ते या नळीचं काम. सर्दी झाली की ही नळी सुजते, कान जड होतो, लहान मुलांचा तर कान वाहायलाच लागतो. म्हणजे कानाचं दुखणं कित्येकदा नाकातून आलेलं असतं, आणि म्हणून तिन्ही बघणारा डॉक्टर एकच. त्याला आपण ईएनटी म्हणतो, मीही पुढे तेच म्हणणारे.

संघटनांची संघटना

आपल्याकडे सोसायट्यांचं फेडरेशन असतं तसं समजा. प्रत्येक बिल्डिंगची आपली सोसायटी, तिचे आपले सभासद, आणि सगळ्या सोसायट्या मिळून एक फेडरेशन. फेडरेशन कुणाच्या घरात येऊन नळ दुरुस्त करत नाही, पण पाण्याचा टँकर, रस्ता, गटार असे जे प्रश्न एकट्या बिल्डिंगला झेपत नाहीत ते तिथे जातात. ईएनटी डॉक्टरांचं असंच जगाचं फेडरेशन आहे, त्याला इफॉस म्हणतात. भारतातल्या डॉक्टरांची संघटना वेगळी, जपानची वेगळी, ब्राझीलची वेगळी, अशा शंभराहून जास्त देशांच्या संघटना त्यात आहेत.

इफॉसची स्थापना १९६५ ची, टोकियोची. पण एकत्र येण्याची सवय त्याआधीची, कान-नाक-घसा तिन्हींची मिळून पहिली जागतिक परिषद १९२८ साली कोपनहेगनला भरली होती. आणि त्याच्या दोन वर्षं आधीची एक गोष्ट मला फार आवडली. पहिलं महायुद्ध संपल्यावर देशादेशांतल्या डॉक्टरांमध्येही कडवटपणा होता, जर्मन डॉक्टरांना बऱ्याच आंतरराष्ट्रीय सभांना बोलवतच नव्हते. तेव्हा १९२६ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन गावात बेंजामिन्स नावाचे डच आणि स्टेंगर नावाचे जर्मन डॉक्टर यांनी मिळून एक छोटं मंडळ काढलं आणि त्याच्या लॅटिन नावातच ‘मैत्रीला वाहिलेलं’ असे शब्द घातले. ते मंडळ अजून चालू आहे, आता शंभरीला आलं. कानाचं ऑपरेशन दोन्हीकडे सारखंच होतं, मग बोलायचं का नाही, इतका साधा विचार, पण त्या काळात तो करायला धाडस लागलं असणार.

इफॉसचा मोठा मेळावा साधारण चार वर्षांनी होतो. २०१७ चा पॅरिसला झाला. त्याच्या पुढचा कॅनडातल्या व्हँकुव्हरला ठरला होता, पण मध्ये कोविड आला आणि शेवटी तो जानेवारी २०२३ मध्ये दुबईत झाला. म्हणजे साध्या वर्षात मेळावा नसतोच, तरी काम चालू असतं. ते कसलं काम हे बघायला २०२० सारखं दुसरं वर्ष नाही.

२०२० : वास जाण्याची गोष्ट

आठवतंय का, मार्च २०२० मध्ये आपल्याला काय सांगत होते? ताप, कोरडा खोकला, दम लागणं. वास जाण्याचं कुणी बोलतच नव्हतं. पण इटलीत, फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये ईएनटी डॉक्टरांकडे माणसं यायला लागली होती, चांगली धडधाकट, तरुण, नाक मोकळं, आणि म्हणायची, डॉक्टर, कॉफीचा वास येत नाहीये.

आता विचार करा, एका डॉक्टरकडे असे दोन पेशंट आले तर तो काय समजणार? सर्दीत वास जातोच, होईल बरं. त्याच्या जागी त्याचं चूक काहीच नाही. पण असे दोन-दोन पेशंट शंभर डॉक्टरांकडे असतील आणि ते शंभर जण एकमेकांशी बोलले, तर चित्र पूर्ण बदलतं. शाळेत हे मी नेहमी बघते, एका वर्गात चार पोरं गैरहजर असली तर काही वाटत नाही, पण मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये प्रत्येक बाई म्हणायला लागल्या की माझ्याकडे पण चार, माझ्याकडे पण पाच, की कळतं गावात साथ आलीय. संघटना म्हणजे ती स्टाफरूम.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ब्रिटनच्या ईएनटी संघटनेने आणि तिथल्या नाकाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने मिळून जाहीर सांगितलं की अचानक वास जाणं हे कोविडचं लक्षण असू शकतं, अशा माणसाने घरीच थांबावं. आणि इफॉसची तरुण डॉक्टरांची जी शाखा आहे तिने लगेच एक टास्क फोर्स बनवला आणि युरोपातल्या १२ हॉस्पिटलमधल्या ४१७ पेशंटना एकसारखे प्रश्न विचारले. एकसारखे हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने विचारलं असतं तर बेरीजच करता आली नसती. एप्रिलच्या सुरुवातीला उत्तर छापून आलं, कोविड झालेल्या त्या ४१७ सौम्य-मध्यम आजाराच्या लोकांपैकी ८५.६ टक्के लोकांच्या वासात गडबड झाली होती. आणि त्याहून मोठी गोष्ट, ज्यांचं नाक चोंदलं नव्हतं की वाहत नव्हतं त्यांच्यातही बहुतेकांचा वास गेला होता. म्हणजे ही साधी सर्दी नाही, आत काहीतरी वेगळं होतंय.

काय होतंय तेही हळूहळू कळलं. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला वास ओळखणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या, आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. विषाणू मुख्यतः या आधार देणाऱ्यांवर हल्ला करतो. मांडवाचे खांबच काढले तर वरचे दिवे विझणारच, तसं. पण दिवे फुटलेले नसतात, म्हणून बऱ्याच जणांचा वास पुढे परत आला.

ब्रिटन सरकारने हे लक्षण आपल्या यादीत १८ मे ला घेतलं, भारताच्या आरोग्य मंत्रालयाने १३ जूनला. म्हणजे डॉक्टरांची संघटना बोलली आणि सरकारी कागदावर यायला ब्रिटनमध्ये दोन महिने गेले, आपल्याकडे जवळपास तीन. त्या मधल्या दिवसांत किती जण ‘मला ताप नाही ना’ म्हणून बाजारात फिरले असतील याचा विचार केला की अजून जीव कासावीस होतो.

आणि ज्यांचा वास परत येईना त्यांच्यासाठी या डॉक्टरांकडे एक उपाय आधीपासून होता, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉ. थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये मांडलेला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, चार वास, दिवसातून दोनदा, लक्ष देऊन हुंगायचे, निदान १२ आठवडे. नाकाचा व्यायामच हा. माझ्या जावेने तो केला, लवंगेची डबी रोज सकाळी उशाशी. ती सांगायची की पहिला महिना काहीच नाही, मग एके दिवशी लवंगेचा नाही पण काहीतरी तिखटसं, जळकंसं जाणवलं, आणि ती रडायलाच लागली.

सगळे डॉक्टर एकच उत्तर का देत नाहीत, आणि द्यायला लावायचं कसं?

संघटनेचं दुसरं मोठं काम म्हणजे एकमत करणं. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण मला यातच सगळ्यात जास्त जीव वाटतो, कारण ते माझ्या वर्गात येऊन पोचलं.

दुसरीत एक मुलगा होता. पाठ करून घेतलं की येतं, पण मागून हाक मारली की ढिम्म. घरी टीव्ही मोठ्याने लावतो म्हणून मार खायचा. मी पण दोनदा बोलले त्याला, लक्ष कुठं असतं तुझं. शाळेत वर्षातून एकदा सरकारी आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांनी त्याला पुढे पाठवलं आणि कळलं की दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलंय. दुखत नाही, वाहत नाही, ताप नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त पाण्यात बुडी मारून ऐकल्यासारखं अर्धवट ऐकू येतं. त्याच्यावर मी आवाज चढवला होता ते आजही मनाला लागून राहिलंय.

तर या चिकट पाण्याचं काय करायचं? यावर जगभर वेगवेगळं चालायचं, कुणी अँटिबायोटिक लिहायचं, कुणी सर्दीच्या गोळ्या, कुणी स्टेरॉइड, कुणी लगेच ऑपरेशन. पॅरिसच्या मेळाव्याच्या निमित्ताने वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी आतापर्यंतचे अभ्यास समोर ठेवून एकत्र सल्ला तयार केला, तो २०१८ मध्ये छापला गेला. त्याचा गाभा असा की बहुतेक मुलांमध्ये हे पाणी आपोआप जातं, म्हणून आधी ३ महिने लक्ष ठेवून थांबा. अँटिबायोटिक, स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या यांचा याच्यावर खरा उपयोग नाही, उगाच देऊ नका. ३ महिन्यांनीही पाणी आहे आणि ऐकू कमी येतंय, तर मग पडद्यात एक बारीक नळी बसवा, तिला ग्रोमेट म्हणतात, तांदळाच्या दाण्यापेक्षाही छोटी.

आमच्या मुलाला थांबायलाच सांगितलं. आईवडिलांना वाटलं डॉक्टरांनी औषध दिलं नाही म्हणजे नीट बघितलं नाही. मी त्याला पहिल्या बाकावर, माझ्या टेबलाच्या उजव्या हाताला बसवलं, फळ्याकडे तोंड करून बोलायचं बंद केलं. अडीच महिन्यांत तो ऐकायला लागला. एक गोळी न खाता. ते ‘काही न करणं’ लिहून द्यायला डॉक्टरला हिंमत लागते, आणि ती हिंमत त्या एकमताच्या कागदातून येते.

वर्षाचं कॅलेंडर

आता बाकीचं वर्ष पटकन सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे भारतीय संघटनेची वार्षिक परिषद असते, आईला दिसलेली पाटी तीच. ३ मार्चला जागतिक श्रवण दिन, तीन-तीन हे आकडे दोन कानांसारखे दिसतात म्हणून ती तारीख. तो जागतिक आरोग्य संघटनेचा दिवस, पण गावोगावी शिबिरं भरवतात ते हेच डॉक्टर. १६ एप्रिलला आवाजाचा दिवस, याची सुरुवात १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये झाली. मे महिन्यात जिनिव्हाला सगळ्या देशांचे आरोग्यमंत्री जमतात, आणि तिथे कानाचा विषय अजेंड्यावर यावा म्हणून आधी वर्षानुवर्षं पत्रं, आकडे, गाठीभेटी चालतात. २०१७ च्या मे मध्ये बहिरेपणा रोखण्याचा ठराव तिथे मंजूर झाला, त्यात जगाचा अहवाल तयार करा असंही होतं, आणि तो अहवाल ३ मार्च २०२१ ला आला. एका ठरावापासून एका पुस्तकापर्यंत जवळजवळ चार वर्षं! त्यात लिहिलंय की जगात आज साधारण दर पाच माणसांत एकाला काही ना काही कमी ऐकू येतं, आणि २०५० पर्यंत हे चारात एक होईल. आणि मुलांमधला जवळपास ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारखा आहे.

२७ जुलैला डोकं-मानेच्या कॅन्सरचा दिवस. तो या डॉक्टरांच्या दुसऱ्या एका भावंड-फेडरेशनने २०१४ मध्ये जाहीर केला, आणि त्यामागचे मुख्य डॉक्टर, न्यूयॉर्कचे जतिन शहा, मूळचे बडोद्यात शिकलेले. गुटखा-मावा आपल्याकडे काय करतो ते वेगळं सांगायला नको, म्हणून एकच गोष्ट सांगते, ती आजच घरी करून बघा. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याची जात नसतील तर तोंड आतून आखडायला लागलंय, उद्यावर ढकलू नका.

‘म्हणजे शेवटी डॉक्टरांची फुकटची ट्रिपच ना?’

हा प्रश्न येणारच आणि तो विचारायलाच पाहिजे. कंपन्यांच्या पैशावर परदेशवाऱ्या झाल्या आहेत, ते कुणी नाकारत नाही. म्हणून तर नियम आले, २००९ पासून मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना कंपन्यांकडून असा खर्च घ्यायला मनाई केली, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली, त्यात व्याख्याता सोडून इतर डॉक्टरांचा परिषदेचा प्रवासखर्च कंपनीने करायचा नाही असं आहे. हे किती पाळलं जातं यावर लक्ष ठेवायलाच हवं. पण दुसरी बाजू अशी की महाराष्ट्रात डॉक्टरला आपलं रजिस्ट्रेशन टिकवायला पाच वर्षांत अशा परिषदा-अभ्यासवर्गांतून ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात, म्हणजे शिकत राहावंच लागतं. आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणं असतात तसंच. आणि ऑपरेशनचा हात व्हिडिओ बघून पूर्ण तयार होत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून ‘इथे थांब, इथे नस आहे’ म्हणावं लागतं. माझं मत विचाराल तर परिषदेला जावं, खर्च स्वतःचा असावा, आणि दवाखान्याच्या दारावरच्या कागदाबरोबर तातडीला कुणाकडे जायचं तो नंबरही असावा.

‘परदेशातले नियम आपल्या गावाला कसे लागू होतील?’

जसेच्या तसे होत नाहीत. आणि म्हणूनच आपली माणसं त्या टेबलावर असायला हवीत. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या कानात कोमट तेल घालतात, कान खाजला की काडी, हेअरपिन, गाडीची चावी, जे हाताला लागेल ते. कानाचा मळ हा घाण नाही, तो कानाचा पहारेकरी आहे, आपणहून बाहेर येतो, आपण काडीने त्याला उलट आत ढकलतो. हे युरोपातल्या कागदावर कुठून येणार? तिथल्या घरांतल्या सवयी वेगळ्या.

उलटंही घडलं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस, ज्याला आपण काळी बुरशी म्हणत होतो, तो महाराष्ट्रात इतका वाढला की मे महिन्यात केंद्राने राज्यांना प्रत्येक केस कळवणं सक्तीचं करायला सांगितलं. दुर्बिणीने नाकातून आत जाऊन सडलेला भाग काढायचा आणि सोबत अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध द्यायचं, डायबेटिस आटोक्यात आणायचा, हे आपल्या ईएनटी डॉक्टरांनी त्या दोन-तीन महिन्यांत इतक्या पेशंटवर केलं की जगातल्या पुष्कळ डॉक्टरांनी आयुष्यभरात तेवढे बघितले नसतील. तेव्हा शिकवणारे आपण होतो.

तसंच आवाजाचं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालेल. डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप, पण ते किलो-लिटरसारखं सरळ वाढत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट, आणि सुरक्षित वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, असं करत करत शंभरीला पोचलात की आठवड्याचा सगळा कोटा साधारण २० मिनिटांत संपतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे पोरं चार-चार तास नाचतात, दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते, तिसऱ्या दिवशी थांबते, आणि आपण म्हणतो बरं झालं. शिट्टी थांबली तरी आतल्या ज्या केसासारख्या बारीक पेशी कायमच्या मेल्या त्या परत उगवत नाहीत. माझा गणपतीवर जीव आहे, म्हणूनच सांगते, पोरांना कापसाचे बोळे नको, मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग द्या आणि भिंतीपासून लांब उभं करा.

हे मिळतं कुठे?

आपल्या देशात बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. शाळा-अंगणवाडीत येणारं जे पथक मी वर सांगितलं, त्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच झाली, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, मोफत. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची केंद्र सरकारची. नवजात बाळाची कानाची तपासणी तर बाळ झोपलेलं असताना होते, कानात छोटं मऊ बूच ठेवतात, काही मिनिटांचं काम. ती पहिल्या महिन्यात झालेली बरी, कारण बाळ भाषा शिकतं ते ऐकून, आणि सहा महिन्यांच्या आत मशीन लागलं तर फरक फार मोठा पडतो. बाळाला टाळी वाजवून बघितली, वळलं, म्हणजे ऐकू येतं असं धरून चालू नका, बाळं वाऱ्याने, सावलीने पण वळतात.

आईला आम्ही पुढच्या मंगळवारी परत नेलं. डॉक्टरांनी आधी मळ काढला, मग तिला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला आणि हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. बराच वेळ तिचा अंगठा हललाच नाही, आणि मग हलला. कागदावर दोन रेषा आल्या, डाव्या कानाची जास्त खाली. आता डाव्या कानात मशीन आहे. पहिल्या दिवशी घरी आल्यावर तिने विचारलं, हा कर्रर्र आवाज कसला येतोय गं? तो आमच्या देवघरातल्या घड्याळाचा होता, बारा वर्षं तिथेच आहे.